शापाखालची ओळ

पुण्याहून लोक काशीला जातात, रामेश्वराला जातात आणि परत आल्यावर चार महिने तेच सांगत बसतात. मी गेलो कल्याणला, डोंबिवलीला आणि ठाण्याला. इतक्या जवळच्या प्रवासाचे वर्णन लिहायला बसावे असे त्यात काय आहे, हे आमच्या घरात मला दोनदा विचारून झाले आहे. पण त्या तीन दिवसांत माझ्या छातीवरचे जे ओझे उतरले ते काशीला जाऊनही उतरले नसते, म्हणून लिहितो. शिवाय आता लिहायला भीती उरलेली नाही. मला वाळीत टाकायचे ज्यांच्या मनात होते त्यांचे टाकून झाले आहे.

आधी मी कोण ते सांगतो. मी जातीने ब्राह्मण, विद्येने शास्त्री आणि पोटासाठी एका पाद्रीसाहेबाचा पंडित. साहेब नव्या कराराचे मराठी भाषांतर सुधारत होता. तो मूळ ग्रीक पाहून अर्थ सांगे, मी त्याला मराठी वळण देई आणि भास्करराव ते सुवाच्य अक्षरात उतरवून छापखान्यात पाठवीत. भास्करराव मूळचे कल्याणचे. ख्रिस्ती झाले तरी नाव त्यांनी जुनेच ठेवले होते. अकरा वर्षे आम्ही एका टेबलाशी बसलो. त्यांच्या कागदावर खाडाखोड म्हणून नसे. एखादे अक्षर गळले तर आपण हंसपद करतो, म्हणजे ओळीखाली टोकदार खूण करून गळलेले अक्षर वर बारीक लिहितो. भास्कररावांना ते चालत नसे. एका अक्षरासाठी ते सबंध ताव फाडत आणि पहिल्यापासून लिहायला घेत. त्यावरून मी त्यांची पुष्कळ थट्टा केली आहे.

आता गुन्हा. नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात सात गावांच्या ख्रिस्ती मंडळ्यांना सात पत्रे आहेत, आणि ज्याला कान आहेत त्याने ऐकावे, हे वाक्य सातही पत्रांत येते. मला पुनरुक्तीचा मनस्वी कंटाळा. सहाव्या पत्राशी आलो तेव्हा माझी सहनशक्ती संपली आणि ते वाक्य मी पेन्सिलीने खोडले. साहेबाला विचारून घेऊ असे मनात होते, ते राहून गेले. भास्कररावांनी ताव उतरवला, तो छापखान्यात गेला आणि छापून आला. आणि त्याच पुस्तकाच्या अगदी शेवटच्या पानावर काय सांगितले आहे? जो यात भर घालील त्याच्यावर पीडा येतील, आणि जो यातले शब्द काढील त्याचा वाटा देव काढून घेईल.

छापलेल्या पानावरची चूक भास्कररावांनीच पकडली. साहेब रागावला नाही. शुद्धिपत्र लावू, म्हणाला. पण त्या दिवसापासून टाक धरला की भास्कररावांचा उजवा हात थरथरू लागला. आठ दिवसांनी ते रजा घेऊन कल्याणला निघून गेले. पुढे त्यांच्या पत्नीचे, मार्थाबाईंचे, पत्र आले. हे टाकाला शिवत नाहीत, प्रार्थनेला जातात पण प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटतात तेव्हा, खाली मान घालून बसून राहतात, माझा वाटा गेला म्हणतात, असे त्यात होते.

मी कोणी नसताना दप्तरातला माझ्या हातचा कच्चा ताव काढून पाहिला. त्यावर माझ्या पेन्सिलीची रेघ नव्हती. क्षणभर मला बरे वाटले, की आपण खोडलेच नव्हते. मग फार वाईट वाटले, कारण खोडल्याचे मला पक्के आठवत होते. तरी मी तोंड उघडले नाही. साहेबापुढे जाऊन ‘ही माझी चूक’ असे म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही, हे इथे कबूल करतो.

मार्ग सुचला तो साहेबाच्या एका वहीवरून. त्याचा भाऊ तुर्कांच्या मुलखात आगगाडीचे रूळ घालण्याच्या कामावर होता, आणि वाटेत सापडणारे जुने ग्रीक शिलालेख उतरवून साहेबाला पाठवी. ती सात मंडळ्यांची गावे त्याच मुलखातली. साहेबाने मला एकदा एक लेख वाचून दाखवला. कोणा गृहस्थाचे थडगे, आणि शेवटी ताकीद, की जो हा दगड हलवील त्याच्यावर देवांचा कोप होवो.

साहेब म्हणाला, “पंडितजी, शेवटचं पान लिहिणारा असे दगड रोज पाहत असला पाहिजे. त्या लोकांनी दगडांवरचे लेख जसे संपवले, तसं त्यानं आपलं पुस्तक संपवलं.”

मी मनात म्हटले, अरे, हे तर आपल्याकडेही आहे! कोकणात शेतांच्या बांधावर गाढवाचे दगड उभे असतात. वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा लेख आणि तळाशी, जो हे दान मोडील त्याला दिलेली शिवी, चित्रासकट. तुर्कांच्या मुलखातला दगड भास्कररावांना कोण दाखवणार? पण घराजवळचा दाखवता येईल. शाप ही लेख संपवण्याची रीत आहे, इतके त्यांना पटले की झाले. माघ महिना होता, हवा बरी होती. मी रजा काढली.

कल्याण

कल्याणात मी तलावाजवळच्या देवळात उतरलो. बरोबर घरचे बेसनाचे लाडू होते, कारण ख्रिस्ती घरी जेवायचे तर दूरच, पाणीही प्यायचे नाही असे घरून बजावलेले. डबा खुंटीला टांगून मी भास्कररावांकडे गेलो. कल्याणचे पाणी पुण्यापेक्षा मचूळ, पण गल्ल्या मला आवडल्या. पुण्यात परका माणूस दिसला की लोक दारातून बघतात, इथे सरळ विचारतात, कोणाकडे जायचंय?

भास्करराव ओटीवर बसले होते. दोन महिन्यांत माणूस निम्मा झाला होता.

“शास्त्रीबुवा, तुम्ही?” ते उठले. “साहेबांनी पाठवलं का?”

“मला कोण पाठवतो? कोकण बघायला आलो.”

“कोकण खाली आहे, रत्नागिरीकडे.”

मार्थाबाईंनी माझ्यापुढे एक न फोडलेला नारळ, पाच केळी आणि कोयता ठेवला. माझी अडचण न सांगता ओळखून, मी स्वतः सोलून खाईन असेच त्यांनी पुढे केले होते. मला लाज वाटली, पण केळी खाल्ली.

मी जाताना त्या दाराशी आल्या. “सकाळी माझ्या भावाला पत्र लिहायला घेतलं यांनी. नाव लिहीपर्यंत शाई सांडली. म्हणाले, बघ, हातावर लिहून आलंय. शास्त्रीबुवा, तुम्ही विद्वान. यांना काहीतरी सांगा हो.”

“उद्या यांना जरा हिंडवून आणतो,” मी म्हणालो. त्यांच्या डोळ्याला डोळा देणे मला जमले नाही. देवळात परत आलो तर लाडवांना लाल मुंग्या लागलेल्या. अर्धा डबा तलावातल्या माशांना गेला, आणि उरलेले दोन लाडू मी झटकून झटकून खाल्ले.

डोंबिवली

डोंबिवली हे खाडीच्या अंगाला भातशेतांत वसलेले खेडे. कल्याणहून बैलगाडीने निघालो. भात कापून झालेले, शेतांत नुसता खुंटवळ, मध्येच वालाचे हिरवे तुकडे, आणि पलीकडे मिठागरांची चौकोनी पाणी भरलेली खाचरे. देशावर शेत म्हटले की माती दिसते. इथे मातीला लागून मीठ पिकते याचे मला मोठे नवल वाटले. भास्कररावांना मी दगडाचे एवढेच सांगितले होते, की एक जुना लेख आहे, चार डोळ्यांनी वाचू.

दगड बांधावर छातीइतका उभा होता. आम्ही कागद काढतो तोच शेताचा मालक, जोमा पाटील नावाचा आगरी म्हातारा, तरातरा आला.

“कोन गावचं हाव तुमी? जमीन मोजाला आलाव?”

“नाही हो पाटील. दगड वाचायला आलो.”

“निसता वाचाला? मंग वाचा.” तो सुटल्यासारखा बांधावर बसला.

मी वाचले. कोणा अधिकाऱ्याने या जमिनीचे उत्पन्न देवळातल्या दिव्याला दिले होते, आणि जो ते बंद पाडील त्याला नेहमीची शिवी होती. तळाचे चित्र इथे वर्णन करण्यासारखे नाही. भास्कररावांनी ते पाहून मान फिरवली.

“बघा,” मी उत्साहाने म्हणालो, “दान दिलं, की शेवटी शाप घालायचा. रीतच ही. तुमच्या त्या शेवटच्या पानावर दुसरं काय आहे? लिहिणाऱ्याच्या मुलखातही असेच दगड होते, साहेबाने मला दाखवलेत. रीतीला एवढं भ्यायचं काय?” आणि आपला मुद्दा पक्का करायला मी जोमा पाटलाकडे वळलो. “काय पाटील, या दगडाचा शाप आजवर कोणाला लागलाय का हो?”

नाही, असे उत्तर येईल अशी माझी खात्री होती.

“लागला तं!” म्हातारा म्हणाला. “माजे चुलत्याला लागला. त्यानी यो दगर हातभर आमचे श्यातात सरकवला, आपलं श्यात वारवाला. मंग त्याचा उजवा हात लुला परला. मरंपरत डावे हातानी जेवला.”

भास्कररावांनी हळूच आपला उजवा हात उपरण्याखाली घेतला. मी स्वतःला काय काय म्हणून घेतले ते छापण्याजोगे नाही. विहिरीला भिणाऱ्या माणसाला मी विहिरीच्या काठावर नेऊन उभे केले होते, आणि वर विचारत होतो की इथे कोणी बुडले आहे का.

जोमा पाटलाच्या घरच्या बाईने वालाच्या शेंगा विस्तवावर भाजून आणल्या. भूक सपाटून लागली होती. भाजलेल्याला दोष नाही, असा शास्त्रार्थ मी जागच्या जागी काढला आणि बसकण मारली. शेंगा इतक्या गोड, की पुण्याच्या मटाराला मी पुन्हा कधी नावाजणार नाही. भास्कररावांनी एकही घेतली नाही. खाता खाता माझे लक्ष दगडाच्या खालच्या कोपऱ्याकडे गेले. तो उडालेला होता आणि दोन-तीन ओळींची शेवटची अक्षरे त्याबरोबर गेली होती.

“हे कोणी फोडलं?”

“मी,” म्हातारा म्हणाला. “जवान हुतो. नांगर फिरवताना फाळ लागला, टवका उराला.”

“मग?”

“मंग काय? हात जोरलं, नारल फोरला.” त्याने शेंग सोलली. “माजा हात बगा, धर हाय. यो दगर जमीन खानाऱ्याला बोलते. नांगराला नाय बोलत.”

भास्करराव इतका वेळ मिठागराकडे बघत होते. ते वळले. “पण पाटील, अक्षरं गेली ना?”

“अक्षरं गेली. जमीन तं तितंच हाय! दिव्याचा त्याल आमी आजून घालतंव.”

भास्करराव उठून दगडाजवळ गेले आणि त्या तुटक्या कोपऱ्यापाशी उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. परतताना गाडीत मी जीभ आवरून धरली होती. कल्याणच्या पत्री पुलाच्या अलीकडे तेच म्हणाले, “ठाण्याला कोपरीत आप्पासाहेब म्हणून कोणी आहेत, त्यांच्या घरी एक ताम्रपट आहे म्हणतात. विहीर खणताना निघालेला. तुम्हाला तो वाचता येईल?”

“डोळे मिटून,” मी म्हणालो.

ठाणे

दुसऱ्या दिवशी आगगाडीने निघालो. खाडीचा पूल ओलांडून ठाण्यात शिरताना मला नेहमी वाटते की या गावाला पाण्याची फार हौस आहे. एका बाजूला खाडी आणि गावात जिकडे तिकडे तलाव. कोपरी स्टेशनाला लागूनच पूर्वेकडे आहे. आप्पासाहेब हे कलेक्टरच्या कचेरीतून निवृत्त झालेले प्रभू जातीचे गृहस्थ. आलेल्या माणसाला बसवून घेण्याची त्यांची तऱ्हा पुणेकरांनी शिकण्यासारखी आहे. आम्ही कशाला आलो हे विचारण्याआधी त्यांनी सरबत दिले, आणि मी ते प्यायलो.

ताम्रपट देव्हाऱ्यात होता. दर दसऱ्याला आप्पासाहेबांच्या पत्नी तो चिंच लावून घासत आणि हळदकुंकू वाहत. वाचला मात्र कोणीच नव्हता. अक्षरांच्या खोबणीत वर्षानुवर्षांचे कुंकू बसले होते.

भास्कररावांनी आत न येता अंगणातूनच सांगितले, “मी ख्रिस्ती आहे. मी लांबूनच पाहीन.”

आप्पासाहेब घुटमळले. त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, “देव्हाऱ्यातला असला तरी तो वाचायलाच कोरलाय ना? ओटीवर आणा. वाचून झालं की पुन्हा चिंच लावीन.”

तांब्याचे तीन पत्रे होते, कडीत ओवलेले. मी मांडी घालून वाचायला लागलो. राजाची वंशावळ, पदव्या, दान दिलेले गाव, त्याच्या चारी सीमा. भास्करराव माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांना ती जुनी लिपी येत नव्हती, पण अकरा वर्षे नकला करणाऱ्याची नजर होती. ओळ कुठे सुरू होते, कुठे संपते, हे त्यांना माझ्याआधी दिसे.

“हे बघा,” ते मध्येच म्हणाले, “इथे खूण आहे.”

खरेच होती. कोरणाऱ्याचे एक अक्षर गळले होते. त्याने ओळीत टोकदार खूण करून ते वर बारीक कोरले होते.

“तांब्याचा पत्रा फाडता येत नाही ना,” मी म्हणालो. भास्करराव किंचित हसले. दोन महिन्यांनी मी ते हसू पाहिले.

मी शेवटाशी आलो. “आणि जो ही भूमी हिरावून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. मग राजाची संमती. मग लिहिणाऱ्याचं नाव. झालं.” मी पत्रे कडीवर परत लोटू लागलो.

“शास्त्रीबुवा, एक ओळ राहिली.”

“कुठली?”

“शापाच्या खाली, नावापाशी. तुमचं बोट तिच्यावरून गेलं, तोंड नाही गेलं.”

“अहो, ती नेहमीचीच. बहुतेक ताम्रपटांच्या शेवटी असते. मी वाचतच नाही ती.”

“वाचा,” भास्करराव म्हणाले.

मी वाचली. मग मराठीत सांगितली. यात एखादे अक्षर कमी पडले असेल किंवा एखादे जास्त झाले असेल, तरी हे सारे प्रमाण मानावे.

ही ओळ मी आजवर कितीदा पाहिली असेन! नेहमीची म्हणून दर वेळी ओलांडली. ज्या खोडीपायी मी त्या सहाव्या पत्रातले वाक्य खोडले होते, त्याच खोडीपायी या माणसाला हवे असलेले औषध मी खिशात असून देत नव्हतो.

“हे कोणी लिहिलंय?” भास्कररावांनी विचारले.

“लिहिणाऱ्यानेच. राजाच्या कारकुनाने.”

“राजाला ठाऊक होतं?”

“राजाची संमती वरच कोरलीय.”

“म्हणजे तो शाप आणि ही ओळ, दोन्ही एकाच पत्र्यावर.”

“एकाच. मध्ये चार बोटंही अंतर नाही.”

त्यांनी वाकून त्या दोन्ही ओळी पुन्हा पाहिल्या. मग म्हणाले, “पण हा आपल्याकडचा कारकून. त्या शेवटच्या पानाखाली अशी ओळ नाही, शास्त्रीबुवा. मी ते पान पाठ म्हणू शकतो.”

सोळा आणे खरे बोलत होते ते. उत्तर दिले ते आप्पासाहेबांच्या पत्नीने. त्या उंबऱ्यावर बसून सगळे ऐकत होत्या.

“मला तुमचं पुस्तक ठाऊक नाही. पण लेकराच्या हातावर खाऊ ठेवला की आपण कावळ्याला दरडावतो, खबरदार चोच लावशील तर. ते कावळ्याला असतं. लेकराच्या हातून चार कण सांडले, तर ते रागावणं लेकराला लागतं का? ज्यानं खाऊ दिला त्याला तेवढं कळत असेलच की. दर वेळी लिहून कशाला ठेवील?”

भास्कररावांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. ते रडत होते, आणि कोणीही त्यांना उगी करायला गेले नाही. मग त्यांनी कागद आणि टाक मागितला. त्यांनी ती ओळ मराठीत उतरवून घेतली, वेड्यावाकड्या अक्षरांत, आणि कागद घडी करून छातीशी ठेवला.

आप्पासाहेबांनी जेवल्याशिवाय सोडले नाही. वालाचे बिरडे होते, नारळाच्या दुधातले. मी दुसऱ्यांदा वाढून घेतले. भाजलेल्याचा शास्त्रार्थ इथे लागू पडत नव्हता, म्हणून मी कोणताच काढला नाही.

ठाण्याच्या फलाटावर गाडीला अवकाश होता. आम्ही बाकावर बसलो. आता सांगितले नाही तर कधीच सांगणार नाही, हे मला कळत होते.

“भास्करराव, ते वाक्य तुमच्या हातून गळलं नव्हतं. मी खोडलं होतं. पेन्सिलीने.”

“ठाऊक आहे,” ते म्हणाले.

“ठाऊक आहे? मग तावावर रेघ कशी नाही?”

“मी पुसली. पावाच्या गराने. चूक दिसली त्याच दिवशी.”

“का?”

ते रुळांकडे बघत होते. “शब्द काढणाऱ्याला शाप आहे, शास्त्रीबुवा. रेघ राहिली असती तर तो तुमच्यावर गेला असता. तुम्ही तर आमच्या पुस्तकाला मानतही नाही. तुमच्या पाठीशी कोण होतं? मला निदान क्षमा मागायला जागा होती. पण मागायला तोंड उघडेना, झालं.”

मी पुनरुक्तीला कंटाळणारा माणूस, पण त्या बाकावर मी “अरे देवा” याखेरीज काही म्हणू शकलो नाही, आणि ते किती वेळा म्हणालो ते मोजलेले नाही. दोन महिने हा मनुष्य माझ्या वाटचा शाप आपल्या हातात धरून बसला होता, आणि मी त्याला बरे करायला आलो होतो.

पुन्हा कल्याण

मार्थाबाई दारातच होत्या. नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांना सांगावे लागले नाही. त्या आत गेल्या आणि सवयीने नारळ आणि कोयता घेऊन आल्या.

“तो राहू द्या,” मी म्हणालो. “घरात काय शिजलंय?”

त्या भास्कररावांकडे बघू लागल्या. “भात आहे. आमटी आहे. पण शास्त्रीबुवा, पुण्यात कळलं तर?”

“कळू दे. वाढा.”

आमटीत मीठ कमी होते. हे मी त्यांना सांगितले, आणि मग तिघेही उगाचच खूप हसलो. पुढच्या रविवारी भास्करराव प्रभुभोजनाला उठले, असे त्यांच्या पत्रात आले. पत्राची अक्षरे हलत होती, पण ते पत्र त्यांनी स्वतः लिहिले होते.

पुण्यात येऊन मी साहेबापुढे कबुली दिली. साहेबाने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, “पंडितजी, त्या पुस्तकाच्या जुन्या हस्तलिखितांत अक्षराला अक्षर जुळणाऱ्या दोन प्रती मला काढून दाखवा. शाप आहे त्या वाक्यातसुद्धा शब्द बदललेत. कुठे जीवनाच्या झाडातला वाटा काढून घेईन असं आहे, कुठे जीवनाच्या पुस्तकातला.”

“हे तुम्ही भास्कररावांना आधी का नाही सांगितलंत?” मी जवळजवळ ओरडलो.

“त्यांनी मला विचारलं नाही,” साहेब म्हणाला, “आणि तुम्हीही नाही.”

मी हे सारे भास्कररावांना लिहून कळवले. पंधरा दिवसांनी टपालाने त्यांच्या हातचा नवा ताव आला. साहेबाने शुद्धिपत्राऐवजी ते पान पुन्हा छापायचे ठरवले होते. मी तो खिडकीशी नेऊन वाचला. अक्षर पूर्वीचे नव्हते, पण लागत होते. सहाव्या पत्राशी आलो. वाक्य जागेवर होते. त्यातल्या कान शब्दातला न लिहायचा राहिला होता. भास्कररावांनी ताव फाडला नव्हता. ओळीखाली हंसपद केले होते आणि वर बारीक न लिहिला होता.

मला त्या क्षणी इतके हलके वाटले की मी तिथेच खाली बसलो. मग तो ताव, आहे तसाच, छापखान्यात पाठवला.